साध्या तिकिटाचे मोल

इंदूराहून महू ओलांडून आग्रा-मुंबई रस्त्याने दक्षिणेस निघाले म्हणजे घाट उतरून निमाडात शिरण्यापूर्वी मानपुर लागते. आज ते इंदूर जिल्ह्यातील एक साधे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र या गावाची मिजास काही वेगळीच होती. शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेलेला हा लहानसा परगणा इंदूरच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली होता आणि त्याच्या चोहोबाजूंस संस्थानी मुलुख पसरलेला होता. म्हणजे एकाच रस्त्यावर, एका दिवसाच्या बैलगाडीच्या मजलेत, राज्य बदलत असे. आणि राज्य बदलले की पत्रावरचे तिकीटही बदलत असे.

होळकर सरकारने आपले पहिले टपाल तिकीट १८८६ मध्ये काढले. ते अर्ध्या आण्याचे, जांभळट रंगाचे, दुसऱ्या तुकोजीरावांच्या चित्राचे होते. ज्या वर्षी हे तिकीट निघाले त्याच वर्षी महाराज निवर्तले. पुढे १८८९ मध्ये गुलाबी कागदावर काळ्या शाईचा हातशिक्का उठवून केलेले अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. ते पाहिले म्हणजे कचेरीतील कोणा कारकुनाने शिक्क्यांचा ढीग पुढे घेऊन दिवसभर हात चालविला असावा असे वाटते. पण ही तिकिटे होळकरी हद्दीपुरतीच चालत. इंदूराहून महेश्वरास जाणाऱ्या पत्रावर तुकोजीराव महाराजांचा चेहरा पुरे होई. तेच पत्र पुण्यास अथवा मुंबईस धाडावयाचे तर राणीच्या तिकिटावाचून ते हलत नसे. गंमत अशी की, नियमाने पाहता महेश्वराहून कितीतरी जवळ असलेले मानपुर हे या हिशेबात परमुलुख ठरत होते! ज्या गावाला आज इंदूरची माणसे सकाळी जाऊन दुपारी परततात, त्या गावच्या पत्राला एकेकाळी सीमा ओलांडावी लागे, आणि त्या सीमेची साक्ष देणारा कागद अंगठ्याच्या नखाहून फारसा मोठा नव्हता.

या अर्ध्या आण्याच्या तिकिटांना दुर्मिळ म्हणता येणार नाही. ती रोजच्या वापराची, दुकानात तेल-मीठ आणावे तशी आणावयाची वस्तू होती. अशा साध्या तिकिटाचे मोल नेमके किती आणि कोणाला, हा आजच्या लेखाचा विषय आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु या शहरातील जुन्या मराठी घरांशी त्याचा निकटचा संबंध आहे आणि त्याबाबत आज चूक झाली तर ती उद्या दुरुस्त होणारी नाही, म्हणून तो येथे घेत आहोत.

दरवर्षी दिवाळीपूर्वी माळ्यावरची झाडझूड सुरू झाली की कोठल्या तरी घरात एक पत्र्याची ट्रंक खाली उतरते. तीत आजोबांची पत्रे निघतात. काही कार्डे तारेच्या आकड्यात ओवलेली, काही पाकिटे सुताने बांधलेली. मग घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘कशाला हवा हा कचरा, रद्दीवाल्याला द्या.’ दुसरा म्हणतो, ‘थांबा, थांबा, जुनी तिकिटे आहेत, लाखांना जातील.’ दोघांच्या तडजोडीतून कात्री पुढे येते; तिकिटे कापून डबीत जातात आणि उरलेला कागद रद्दीत जातो. दोन्ही पक्षांस आपले साधले असे वाटते. वास्तविक त्या क्षणी घरातील खरे धन रद्दीत गेलेले असते आणि डबीत राहिलेले असते ते चार-आठ आण्यांचे.

प्रथम लाखांच्या भ्रमाविषयी लिहू, कारण त्यापायी पुष्कळ भल्या माणसांची निराशा होते आणि क्वचित फसवणूकही होते. तिकीट जुने आहे म्हणून ते मोलाचे असते, ही समजूत चुकीची आहे. जगातील पहिले टपाल तिकीट इंग्लंडात मे १८४० मध्ये निघाले. काळ्या रंगाचे, एका पेनीचे, व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याचे. त्याहून जुने तिकीट असणेच शक्य नाही. पण ते सुमारे सहा कोटी ऐंशी लाख छापले गेले, म्हणून ते आजही बाजारात मिळते. हौशी माणूस थोडी पदरमोड करून ते घेऊ शकतो. उलट कालपरवाच्या एखाद्या तिकिटावर छपाईची मोठी चूक राहून गेली आणि ते मोजकेच सुटले, तर त्याला फार मोठी किंमत येते. बाजारातील किंमत ही वयाची नसून विरळपणाची असते, आणि त्यातही ते तिकीट किती जणांस हवे आहे व ते कोणत्या स्थितीत आहे यावर ती ठरते. फाटलेले, डाग पडलेले, दाते तुटलेले सामान्य तिकीट म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीने जवळजवळ काहीच नव्हे. आपल्या आजोबांनी आयुष्यभर जी तिकिटे लावली, तीच त्या काळी देशातील कोट्यवधी आजोबा लावीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे डबीकडे पाहण्याची दृष्टी आपोआप ताळ्यावर येते.

तरीसुद्धा साध्या तिकिटाची एक अद्भुत कथा आहे, ती सांगावयास हवी. दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियाना या वसाहतीत १८५६ मध्ये लंडनहून येणारी तिकिटे वेळेवर पोहोचली नाहीत. तेथील अधिकाऱ्यांनी गावातल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात कामचलाऊ तिकिटे छापून घेतली. त्यात एक सेंटाचे, किरमिजी कागदावर काळ्या शाईने छापलेले एक तिकीट होते. ते वर्तमानपत्रे धाडण्यासाठी वापरीत. वर्तमानपत्रावरचे वेष्टन कोण जपून ठेवतो? वाचले, फाडले, फेकले. पुढे १८७३ मध्ये बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलास घरातील जुन्या कागदांत त्यातील एक सापडले. ते त्याने सहा शिलिंगांस विकले. त्या जातीचे दुसरे तिकीट आजतागायत कोणाच्या हाती निर्विवादपणे लागलेले नाही, आणि २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्या चिटोऱ्याला ८३ लाख डॉलर मिळाले.

ही गोष्ट वाचून कोणी ट्रंकेकडे धावू नये. असे एखादेच घडते म्हणून तर ती गोष्ट झाली. पण तिचे तात्पर्य विचार करण्यासारखे आहे. ते तिकीट विरळ झाले याचे कारण ते मुळात अतिशय साधे होते. जे भारी वाटते ते लोक जपतात. जे रोजचे ते टाकून देतात. म्हणून पुष्कळदा असे घडते की, समारंभाने काढलेली तिकिटे ढिगांनी शिल्लक राहतात आणि ज्यांवर सारा व्यवहार चालला ती नाहीशी होतात. अहिल्यादेवींच्या स्मरणार्थ आपल्या टपाल खात्याने १९९६ मध्ये तिकीट काढले. त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळ येथे पुन्हा एक तिकीट प्रकाशित झाले. दोन्ही गोष्टी आम्हां इंदूरकरांस अभिमानाच्या आहेत आणि ती तिकिटे अनेकांनी कोरीच्या कोरी जपून ठेवली आहेत, हेही योग्यच झाले. पण कोरे तिकीट म्हणजे मुहूर्तासाठी शिवलेला आणि कधीच न घातलेला अंगरखा. त्याच्या घडीत कोणाच्या अंगाची ऊब नसते. साधे तिकीट वापरून जीर्ण झालेले असते, आणि त्याच्या मोलाचा आरंभ त्या वापरण्यापासूनच होतो.

तेव्हा वापरणाऱ्याच्या दृष्टीने पाहू. हिंदुस्थानात १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्वत्र चालणारी टपाल तिकिटे सुरू झाली. तत्पूर्वी सिंध प्रांतात १८५२ मध्ये अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले होते, ते आशिया खंडातील पहिले. परंतु १८५४ ची खरी नवलाई तिकिटात नसून दरात होती. त्यापूर्वी पत्राचा हशील अंतरावर ठरे. जितके दूर, तितका जास्त. १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो वा हजार मैलांवर जावो. हे आज फार सामान्य वाटते, पण पोटापाण्यासाठी घर सोडून दूर गेलेल्या माणसाच्या दृष्टीने ही केवढी सोय होती याची कल्पना करावी. देशावरून आणि कोकणातून माळव्यात येऊन राहिलेल्या आपल्या पूर्वजांना त्याचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागले नसेल. १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड निघाले आणि पत्र लिहिणे गरिबाच्याही आवाक्यात आले. माहेरची खुशाली, मुलीचे स्थळ, भावाची नोकरी, शेताचा वाटा, आजारपण, बारसे, मुंज, हे सारे त्या एका पैशात चालले. ज्याच्याजवळ तेवढाही पैसा नसे तो ‘नॉटपेड’ पत्र टाकी आणि घेणाऱ्यास दुप्पट भरून ते सोडवावे लागे. म्हणून नॉटपेड पत्र दारात आले की सोडवावे की परत करावे यावर घरात खल होई. साध्या तिकिटाचे पहिले मोल ते हे. दूर असलेल्या माणसाला ते सारख्याच पैशात जवळ आणीत होते.

दुसरे मोल चित्राचे. आपल्याकडे तिकिटांची छपाई पूर्वी लंडनला होत असे. १९२५-२६ पासून ती नाशिकच्या छापखान्यात होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १५ ऑगस्ट १९४९ रोजी जी नेहमीच्या वापराची तिकीटमाला निघाली, तिच्याकडे आम्ही नेहमी मोठ्या आदराने पाहतो. तीन पैचे तिकीट अजिंठ्याच्या हत्तीचे, सहा पैचे कोणार्कच्या घोड्याचे, नऊ पैचे त्रिमूर्तीचे, दोन आण्यांचे नटराजाचे, तीन आण्यांचे सांचीच्या तोरणाचे, सहा आण्यांचे विजापूरच्या गोल घुमटाचे. ज्या माणसाने आयुष्यात उज्जैन-ओंकारेश्वरापलीकडे यात्रा केली नाही, त्याच्या देवळीतील पत्रांवर सारा भारत येऊन बसला होता. एका चित्रात तर मोठी गमतीची चूक झाली. एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती उलटी छापली गेली, त्यामुळे पुढे आलेला हात उजव्याऐवजी डावा दिसू लागला. १९५० मध्ये ती चूक सुधारून नवे तिकीट निघाले. दोन्ही तिकिटे आजही सहज मिळतात, दोन्हींची किंमत मामुली आहे. पण ही दोन तिकिटे शेजारी ठेवून ‘सांग पाहू फरक काय’ असे मुलास विचारावे. जो मुलगा तो फरक हुडकून काढील, त्याचे डोळे पुढे कोणत्याही विद्येत उपयोगी पडतील.

साध्या तिकिटाचे संग्राहकास जे मोल आहे ते असे आहे. महागड्या तिकिटावर शिकता येत नाही. ते काचेत ठेवून पाहावयाचे असते. साधे तिकीट शंभर मिळते, म्हणून त्याचा अभ्यास होतो. शंभर सारखी दिसणारी तिकिटे घेऊन बसावे आणि ती सारखी नाहीत हे हळूहळू ध्यानात यावे, यात या छंदाचा खरा आनंद आहे. एकाचा रंग किंचित गडद, दुसऱ्याच्या कागदातील पाणछाप निराळी, तिसऱ्याच्या कडेचे दाते अधिक बारीक. दोन सेंटिमीटरात किती दाते येतात हे मोजून छपाईची तुकडी ओळखणारे जाणकार असतात. हे सारे आठ-बारा आण्यांच्या भांडवलावर चालते, म्हणून श्रीमंताचा मुलगा आणि शिपायाचा मुलगा या छंदात एकाच बाकावर बसू शकतात.

तिकिटांवरून देशाची चालही कळते. १९५५ च्या पंचवार्षिक योजनेच्या मालेत ट्रॅक्टर, धरण, चरखा आणि बैलजोडी एकत्र नांदताना दिसतात. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि भारताच्या नकाशाची तिकिटे ‘नये पैसे’ लिहून अवतरली. १९६४ मध्ये ‘नये’ गळून पडले आणि पैसा पुन्हा पैसा झाला. १९६५ पासूनच्या मालेत चहाची पाने खुडणारी बाई, विजेचे इंजिन, आंबे, भाक्राचे धरण आणि तुर्भ्याची अणुभट्टी आहे. कुटुंबनियोजनाचे पाच पैशांचे तांबडे तिकीट तर ज्यांनी १९७० च्या आसपास एखादे पत्र पाहिले आहे त्यांच्या डोळ्यांसमोर आजही असेल.

याच पाच पैशांच्या तिकिटाने एक मोठे काम केले. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे केले. ते ३१ मार्च १९७३ पर्यंत चालले. खास तिकीट छापून गावोगाव पोहोचेपर्यंत थांबावयास वेळ नव्हता, म्हणून कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ असा ठसा उमटवून ते विकले गेले. काही ठिकाणी तो ठसा छापखान्यातून उमटला, काही ठिकाणी तो रबरी शिक्क्याने हातानेच मारला. अक्षरे कोठे वाकडी, कोठे पुसट, कोठे उलटीसुद्धा. त्या वेळी लोकांनी त्याकडे पाहिलेही नसेल. पाच पैसे जादा गेले म्हणून कुरकूर मात्र केली असेल. आज त्या ठशांचे गावोगावचे प्रकार जाणकार जिवापाड शोधीत असतात. आणि येथेच आमच्या मुख्य मुद्द्याकडे यावयाचे आहे. अशा तिकिटावरचा हाताने मारलेला ठसा कोणत्या गावचा, हे त्या तिकिटावरून पुष्कळदा कळत नाही. ते पाकिटावरच्या टपाल शिक्क्यावरून कळते. तिकीट कापून घेतले, पाकीट फेकले, म्हणजे साक्षीदार ठेवला आणि त्याची जीभ कापली असे होते.

पाकिटात काय काय असते ते पाहा. ज्या गावी पत्र टाकले तेथील शिक्का आणि तारीख. पुष्कळदा पाठीमागे ज्या गावी ते पोहोचले तेथील शिक्का, म्हणजे पत्राला किती दिवस लागले याचा हिशेब. पत्ता मोडीत आहे की बाळबोधीत की इंग्रजीत, यावरून लिहिणाऱ्याची पिढी. पत्त्यात पिनकोड आहे की नाही, यावरून काळ. कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्याचे अधिकारी असून संस्कृतचे नामांकित कवी होते, ही गोष्ट मराठी घरांतून आवर्जून सांगितली पाहिजे. शुभवार्तेच्या कार्डाच्या कोपऱ्यास लावलेले हळदकुंकू शंभर वर्षांनीही फिकट पिवळे-तांबडे दिसते. अशुभ बातमीचे कार्ड वाचून फाडून टाकण्याची चाल होती, म्हणून तसले कार्ड ट्रंकेत निघाले तर ते कोणीतरी फाडवेना म्हणून ठेवलेले असते. तिकिटाचे चार चौरस सेंटिमीटर कापून घेतले की यातील काय राहते?

आता वर सांगितलेल्या होळकरी तिकिटाकडे पुन्हा वळू. सुटे अर्ध्या आण्याचे तिकीट म्हणजे केवळ ‘होळकर संस्थान, १८८६’. त्याची विक्री करू गेल्यास फारसे काही हाती येणार नाही. पण तेच तिकीट पत्रावर असेल आणि पत्र महेश्वरास गेलेले असेल, तर ते सांगते की होळकरांचे स्वतःचे टपाल त्या मार्गाने चालत होते. पत्रावर राणीचे तिकीट असून शिक्का महूच्या छावणीचा असेल, तर ते सांगते की लिहिणारा दुसऱ्या सरकारच्या खिडकीवर गेला होता. ग्वाल्हेरीहून आलेल्या पत्रावर तर ब्रिटिश तिकिटावरच ‘ग्वालियर’ असे छापलेले सापडेल, कारण शिंदे सरकारने १८८५ मध्ये इंग्रजांशी टपालाचा करार केला आणि ती तिकिटे साऱ्या हिंदुस्थानात चालू लागली. धारच्या पवारांनी १८९७ मध्ये आपली निराळी तिकिटे काढली, तीही देवनागरी अक्षरांची. होळकर, शिंदे, पवार, अशा तीन मराठी घराण्यांच्या तीन तऱ्हा या माळव्यात शेजारी शेजारी नांदत होत्या. १९४८ मध्ये मध्यभारत झाले आणि १९५० मध्ये संस्थानी तिकिटांचा कारभार संपला. त्या तीन तऱ्हांचा इतिहास ग्रंथांत मोठ्या घडामोडींपुरता आला आहे. सामान्य माणसाने तो कसा अनुभवला, हे मात्र त्याच्या पाकिटांवर लिहिलेले आहे. आणि ती पाकिटे सरकारी दप्तरात नाहीत. ती रामबागेतील, नारायण बागेतील, जुन्या राजवाड्याच्या आसपासच्या घरांच्या माळ्यांवर आहेत, किंवा काल-परवापर्यंत होती.

या नासाडीचा दोष एकट्या रद्दीवाल्याचा नाही. थोडा दोष आम्हां छांदिष्टांचाही आहे. दोन-तीन पिढ्या मुलांच्या हाती अल्बम दिले आणि चौकोन भरून काढा म्हणून सांगितले. मुले चौकोन भरण्यासाठी घरातील पत्रे सोलीत राहिली. ज्यांनी तसे अल्बम मनापासून केले त्यांची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. अनेकांना भूगोल आणि इतिहास त्या अल्बमांनीच शिकविला. पण जे तेव्हा कळले नाही ते आज कळले असताना तीच चूक पुन्हा करणे योग्य नव्हे.

हा प्रश्न आजच उभा राहण्याचे कारण असे की, साधे तिकीट आता वापरातून जात आहे. खाजगी पत्र लिहिणारे विरळ झाले. कचेऱ्यांच्या टपालावर यंत्राचा ठसा असतो. खिडकीवर पत्र दिले तर तिकिटाऐवजी पट्टी छापून चिकटविली जाते. २०२५ मध्ये नोंदणी टपालही स्पीड पोस्टात विलीन झाले; ज्या ‘रजिस्टर’च्या पाकिटावर चार-पाच तिकिटांची रांग लागे आणि पाठीमागे शिक्क्यांची दाटी होई, तो प्रकार त्याबरोबर मागे पडला. यात टपाल खात्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. काळाबरोबर कामाची रीत बदलावयाचीच, आणि पट्टीने पत्र लौकर पोहोचत असेल तर घेणाऱ्याचे भलेच आहे. परंतु यापुढे नवी पाकिटे तयार होणार नाहीत किंवा फारच थोडी होतील, म्हणून जी आहेत ती शेवटची समजून वागावे लागेल. धान्याची पेरणी थांबली की कोठारातील दाण्याची किंमत निराळी होते.

मग काय करावे? आमच्या मते घरातील कोणालाही जमेल असे हे काम आहे. कात्री आधी बाजूला ठेवावी. तिकिटे कापू नयेत, पाण्यात सोडवू नयेत. पत्र आणि पाकीट यांची ताटातूट करू नये. कोणते पत्र कोणत्या पाकिटातील हे एकदा विसरले की पुन्हा जुळविणे कठीण जाते. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. तारेच्या आकड्यात ओवलेली पत्रे गंज चढण्यापूर्वी हलक्या हाताने सोडवावीत. माळव्याच्या पावसाळ्यात ओल शिरणार नाही अशा कोरड्या जागी, साध्या स्वच्छ कागदात घडी करून ती ठेवावीत. पत्रावर काही लिहू नये. निराळ्या कागदावर कोणी, कोणास, कोठून, कोणत्या साली, एवढे टिपून ठेवावे. मोडीतील पत्रे वाचणारे घरात कोणी वडीलधारे असतील तर ते काम या दिवाळीतच उरकावे, ते पुढे ढकलण्यासारखे नाही. हल्ली खिशातील फोनने चित्र काढता येते, तेव्हा पाकिटाच्या दोन्ही बाजूंची चित्रे घेऊन ठेवावीत. आणि घरात ठेवावयास जागाच नसेल, तर रद्दीत देण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा जाणत्या अभ्यासकाकडे विचारणा तरी करावी. विकावयाचे झाल्यास अख्खे पाकीट विकावे, आणि एकाच्या बोलण्यावर न जाता दोघांना दाखवावे.

मुलांना या छंदापासून दूर ठेवावे असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांच्यासाठी डबीतली, पूर्वीच कापलेली तिकिटे आहेत. ती थंड पाण्यात भिजवावीत, मागचा कागद आपोआप सुटू द्यावा, ओढू नये. मग टिपकागदावर पालथी वाळत घालावीत आणि वरून एखादे जाड पुस्तक ठेवावे. त्या दोन तासांत मुलाला धीर धरणे आपोआप शिकता येते. मग भिंग हाती द्यावे आणि दोन बोधिसत्त्व शेजारी मांडावेत. किंमत विचारल्यास खरे सांगावे की, यांची किंमत फारशी नाही. म्हणूनच तू यांना मनसोक्त हाताळू शकतोस.

आणि आपण मोठ्यांनी वर्षातून निदान दोन पत्रे हाताने लिहावीत. खिडकीवर जाऊन तिकिटे मागावीत, ती स्वतः ओलावून लावावीत, आणि शिक्का स्पष्ट उमटावा अशी बाबूंना नम्रपणे विनंती करावी. तो बहुधा हसून तसे करतो, कारण त्यालाही हल्ली असे कोणी सांगत नाही. पुण्यास, बडोद्यास वा अमेरिकेस असलेल्या नातवंडास तसे एक पाकीट गेले, तर त्याच्या हाती आजच्या तारखेचा, आजीच्या अक्षरातला आणि इंदूरच्या शिक्क्याचा एक कागद राहील. दूरध्वनीवरचे बोलणे ऐकले की संपते. पाकीट मात्र कोणीतरी पन्नास वर्षांनी पुन्हा उघडू शकतो.

मानपुरच्या वाटेवर आज कोठेही राज्याची सीमा दिसत नाही. रुंद रस्ता आहे, ट्रकांची रांग आहे, पुढे घाट आहे. होळकरी हद्द कोठे संपत होती आणि इंग्रजी मुलुख कोठे सुरू होत होता, हे तेथील नव्या पिढीस विचारले तर कोणास सांगता येईल असे वाटत नाही. पण त्याच वाटेवरच्या एखाद्या घरी, जुन्या ट्रंकेत, अर्ध्या आण्याचे तिकीट लावलेले एखादे पाकीट असेल, तर त्या पाकिटाला ते ठाऊक आहे. या दिवाळीत ती ट्रंक उघडली तर एवढेच करावे, कात्री हाती घेण्यापूर्वी त्यावरचा शिक्का एकदा वाचावा.